हर्मिनानं फोन ठेवला होता

आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच अंदाज बांधत बसणार नाही. हर्मिना झौबेकनं त्या दिवशी फोन ठेवला होता. मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. आणि तरीही फोन न ठेवल्याबद्दल तीच दहा दिवस काउंटीच्या तुरुंगात बसली.

आमच्याहून ती चोवीस-पंचवीस वर्षांनी मोठी, म्हणून आम्ही तिला तेता म्हणायचो. तेता म्हणजे आमच्या चेक बोलीत मावशी. नात्याची नव्हे, वयाची. आमच्या घराच्या पूर्वेला अर्ध्या मैलावर तिचं शेत. नवरा वारलेला, मुलगा कॅलिफोर्नियात, आणि घरात चाळीस बदकं. बदकं ती संध्याकाळी दोनदा मोजायची. एकदा स्वतःसाठी आणि एकदा शेजाऱ्यांसाठी, असं म्हणायची. लोणच्याच्या बरण्यांना दोरा बांधून गाठ कशी मारली ते लक्षात ठेवायची. कुणाकडे कॉफी प्यायली की पहिल्या घोटाला विचारायची, "यात चिकोरी किती घातलीस?" पाद्रीबुवा गेल्या वर्षीचंच प्रवचन पुन्हा वाचतात असा तिला संशय आला, तर बाई वर्षभर कॅलेंडरवर टिपून ठेवत बसली आणि ईस्टरच्या आधीच्या रविवारी, पाम संडेला, चर्चच्या दारातच त्यांना पकडलं. प्रवचन खरंच तेच होतं. पण अशा माणसाला कोण जवळ करणार? बरोबर असणं वेगळं आणि लाडकं असणं वेगळं.

आता लाइनबद्दल सांगते. एकोणीसशे छप्पन साल, नेब्रास्काचा आमचा हा भाग. आठ घरांना मिळून फोनची एकच तार. तेताची घंटा दोन लांब एक आखूड, आमची तीन आखूड. कुणाचीही वाजली तरी आठही घरांत वाजायची. मग उचलायचा नाही तर काय करायचं? आमच्याकडे टीव्ही नव्हता आणि चर्च रविवारचं. रिसिव्हर हळूच उचलायचा, तोंडावर फडकं धरायचं आणि ऐकायचं. सगळ्याजणी करायच्या. पण त्याचा एक नियम होता, आणि तो दहा आज्ञांपेक्षा कडक पाळला जायचा: ऐकलं असं कधी दाखवायचं नाही. अॅग्नेसची गाय मेली हे तुम्ही मंगळवारी फोनवर ऐकलं असलं तरी रविवारी ती सांगायला लागली की म्हणायचं, "अगं बाई! कधी?"

आणि मध्येच फोन ठेवायचा नाही. ठेवला की खट् वाजतं, खट् वाजलं की कळतं की कुणीतरी होतं. म्हणून बोलणाऱ्यांचं संपून त्यांनी ठेवला की त्यांच्या खटक्यात आपला खटका मिसळून द्यायचा. ही कला होती बरं का. नवीन सुनांना यायला वर्ष लागायचं.

हा नियम मोडणारी एकटी तेता हर्मिना. नणंदेशी, टोनीशी, बोलता बोलता मध्येच म्हणायची, "अल्बिना, तुझ्या पेपिकला सर्दी झाली का गं? आवाज बसलाय त्याचा." पेपिक म्हणजे माझा कॅनरी. पिंजरा फोनच्या वर टांगलेला, आणि मी रिसिव्हर उचलला की मेला गायलाच लागायचा. मी लालबुंद व्हायचे आणि श्वास रोखून उभी राहायचे. उत्तर दिलं तर मी ऐकत होते असं होणार. तेताला प्रत्येकीची खूण ठाऊक होती. अॅग्नेसची शिट्टी मारणारी किटली, कुणाचं दम्याचं श्वसन. तशी आम्हालाही तिची ठाऊक होती. तिच्या फोनमागच्या भिंतीवर एक लंगडं घड्याळ होतं, टक् म्हणून जरा थांबायचं आणि मग टिक् म्हणायचं.

तारेची देखभाल एमिल हावरान बघायचा. खांब, बॅटऱ्या, सगळं तोच. शेतकरी माणूस, पण विजेचं त्याला कळायचं. नाचाच्या हॉलमध्ये तो आम्हाला दरवेळी बजावायचा, "बायांनो, एकीनं ऐकलं तर तार सोसते. चार-पाच जणींनी रिसिव्हर उचलून धरला तर घंटा मरते. मग फोनची दांडी कितीही फिरवा, एक्स्चेंजमध्ये कुत्रंसुद्धा कान टवकारणार नाही." आम्ही म्हणायचो, "आम्ही नाही बाई ऐकत!" आणि बियरचा ग्लास पुढे करायचो.

त्या उन्हाळ्यात फोनचं नवं पुस्तक आलं. पहिल्याच पानावर काळी चौकट. तातडीच्या मदतीसाठी कुणी लाइन मागितली आणि तुम्ही सोडली नाही तर दंड, नाहीतर तुरुंग. तातडी नसताना खोटं सांगून लाइन घेतली तरी तेच. तेतानं ती चौकट टोनीला फोनवर अख्खी वाचून दाखवली. शेवटी म्हणाली, "ऐकलंत ना सगळ्यांनी?" कुणी काही बोललं नाही. बोलणार कशा?

तर ऑक्टोबरात काय झालं, एमिलची बायको लिबी एका सकाळी लाइनवर आली. "तेता, लाइन सोडा. तातडीचं आहे. डॉक्टर हवाय." तेतानं ठेवला. आम्ही दोघी-तिघी जीव मुठीत धरून ऐकतोय, आणि लिबीनं फोन लावला कुणाला? बहिणीला! कोलाच म्हणजे आमचे गोड पाव, त्यात आलुबुखार नाहीतर खसखस भरतात; तर आलुबुखार शिजवून पातळ झाले, आता काय करू, म्हणून. महिनाभर आम्ही हसत होतो, अर्थात आपापल्या घरात, कारण एकमेकींना सांगायची सोय नव्हती. तेताला मात्र ते लिबीच्या बहिणीनंच सांगितलं.

नोव्हेंबरातला मंगळवार. मंगळवार म्हणजे इस्त्रीचा दिवस. सकाळचे दहा वाजलेले, पुरुष मका काढायला शेतावर. तेता टोनीशी पाद्रीबुवांबद्दल बोलत होती. मी इस्त्री शेगडीवर ठेवून स्टुलावर बसलेले, पेपिक गातोय. मध्येच लिबीचा आवाज आला.

"लाइन सोडा. तेता, लाइन सोडा, डॉक्टर हवाय."

"आज काय, खसखस?" तेता म्हणाली.

"देवाशपथ, तेता!"

"घे बाई, घे. टोनी, ठेव गं." खट्. खट्. दोन खटके, आणि लंगडं घड्याळ बंद झालं. अगदी स्पष्ट.

त्याच वेळी मी ठेवायला हवा होता. त्या दोन खटक्यांत माझा तिसरा सहज मिसळला असता. पण मला वाटलं, बघू तरी आज काय बिघडलंय. खरं सांगते, हेच वाटलं. नुसती उत्सुकता नव्हे, संशय. लिबी पुन्हा आपल्याला बनवतेय, आणि यावेळी मी तिला रंगेहाथ पकडणार.

ती दांडी फिरवायला लागली. माझ्या भिंतीवरची घंटा वाजायला हवी होती, ती नुसती किरकिरली. पुन्हा फिरवली. किर्र. मग लिबी ओरडली, "तेता, ठेवा ना!" पुन्हा दांडी. "हर्मिना! ठेव! ठेव की गं!"

मला माहीत होतं हर्मिनानं ठेवलाय. किटलीची शिट्टी ऐकू येत होती, दम्याचा श्वास ऐकू येत होता, म्हणजे अॅग्नेस होती, बाकीच्या होत्या. त्या सगळ्यांनाही माहीत होतं. पण लिबीनं नाव हर्मिनाचं घेतलं ना, आमचं नाही. शिवाय आता ठेवला तर खट् वाजणार, आणि इतका वेळ कोण होतं ते कळणार. मी दोन्ही हातांनी रिसिव्हर धरून बसले. मग धाडकन काहीतरी आपटलं, दार वाजलं, त्यांचा कुत्रा भुंकला. लिबी पळाली होती.

त्यानंतर आम्ही पाच जणी त्या तारेवर एकमेकींचा श्वास ऐकत किती वेळ बसलो, देव जाणे. शेवटी कुणीतरी ठेवला, आणि लगेच सगळ्यांनी ठेवला, एकदम. पहिली कोण ते कळू नये म्हणून.

एमिलचा हात मका तोडायच्या यंत्राच्या रुळांत कोपरापर्यंत गेला होता. देठ अडकलेले, ते हातानं ओढायला गेला, यंत्र चालू ठेवून. लिबी एकटी घरात, यंत्र उलटं फिरवायचं तिला माहीत नाही. ती पळत मोठ्या रस्त्यावर गेली आणि दुधाची गाडी येईपर्यंत उभी राहिली. एक तास गेला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणला असता तर कोपराच्या वरचं तरी वाचलं असतं. खांद्यापासून कापला.

दुपारी आमच्याकडे एक लांब घंटा वाजली, म्हणजे सगळ्यांसाठी. अॅग्नेसचा आवाज. "एमिलचा हात गेला गं, यंत्रात."

आणि मी म्हणाले, "अगं बाई! कधी?"

हे शब्द माझ्या तोंडून आले. ते आठवलं की आजही मला माझी शिसारी येते.

लिबीनं शेरीफला सांगितलं: हर्मिनानं लाइन सोडली नाही. ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच वाटलं होतं. घंटा मेलेली, तारेवर कुणाचा तरी श्वास, आणि दिवसभर फोनवर असते कोण? तर हर्मिना. डेप्युटी ऑर्विल घरोघर फिरला. तो आमच्यातला नव्हे, त्याला आमचे नियम माहीत नव्हते, पण डोळे होते. मंगळवारी सकाळी दहाला आमच्या पाच घरांतल्या एकाही बाईनं फोनला हात लावला नव्हता म्हणे. एक बदक सोलत होती, एक तळघरात होती, बाकीच्या इस्त्री करत होत्या. ऑर्विलनं माझ्या फोनखालच्या स्टुलाकडे बघितलं. गादी मधोमध खोल गेलेली.

"पक्षी छान गातोय," तो म्हणाला. "फोनवर ऐकू जात असेल."

"कसा जाईल? तो त्या खोलीत, फोन या खोलीत."

पिंजरा मी त्याच सकाळी झोपायच्या खोलीत हलवला होता. भिंतीवर त्याचा रिकामा खिळा होता. ऑर्विलनं खिळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि टोपी घालून निघून गेला.

रात्री माझा नवरा अॅडॉल्फ सूप ओरपत म्हणाला, "हे बघ, जे काय असेल ते पोटात ठेव. बायको घरात हवी, तुरुंगात नको." त्यानं मला विचारलंसुद्धा नाही की मी होते का. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, त्याला विचारायची गरज नव्हती.

डिसेंबरात खटला उभा राहिला. आम्ही पाच जणी एकाच बाकावर, डोक्यावर रविवारच्या हॅट. एमिल अजून ओमाहाच्या इस्पितळात होता. लिबीनं रडत रडत सांगितलं. टोनी म्हणाली, हर्मिनानं ठेवला, मी खटका ऐकला. मागून कुणीतरी पुटपुटलं, "नणंद-भावजय, एकीच्या तोंडात दुसरीची जीभ." जज्जनाही तसंच वाटलं असावं.

मग त्यांनी तेताला विचारलं, "त्या वेळी लाइनवर दुसरं कुणी होतं का?"

ती आमच्या बाकाकडे वळली. एकेकीकडे बघत गेली आणि माझ्यापाशी थांबली. मी माझ्या हातमोज्यांशी चाळा करत खाली बघत होते.

"मी ठेवल्यानंतर कोण होतं ते मला कसं कळणार?" ती म्हणाली. "फोन ठेवल्यावर ऐकू येत नाही, साहेब. जे होते त्यांना विचारा."

जज्जनी खरंच विचारलं. चष्मा काढून सगळ्या दालनाला विचारलं, "इथे असं कुणी आहे का?" शेगडीत लाकूड तडतडलं.   कुणी उठलं नाही.

पन्नास डॉलर दंड नाहीतर दहा दिवस. पन्नास डॉलर तिच्याकडे होते. ती म्हणाली, "पैसे मोजून मी खोटं विकत घेणार नाही," आणि जिना चढून वर गेली, तुरुंग कोर्टाच्याच माडीवर होता. तिथे तिनं शेरीफच्या बायकोच्या डंपलिंगना नावं ठेवली आणि चौथ्या दिवसापासून स्वतः करायला लागली असं ऐकलं. बदकं टोनीनं सांभाळली. सुटून आल्यावर तेतानं ती दोनदा मोजली आणि कंपनीच्या माणसाला बोलावून भिंतीवरचा फोन काढून न्यायला लावला.

तो हिवाळा कसा गेला विचारू नका. लाइनवर चिटपाखरू बोलेना. आता सगळ्याच सगळ्यांना भ्यायला लागलेल्या. कोण फुटतं, कोण कुणाचं नाव घेतं. एकदा अॅग्नेस आली, माझ्या ओट्यापाशी बसली.

"तू त्या दिवशी इस्त्रीच करत होतीस ना गं?"

"हो. तू?"

"मी पण."

"तुझी किटली बरी आहे ना?" मी विचारलं. ती कॉफी अर्धी टाकून उठली. दरवर्षी जानेवारीत पिसं सोलायला आम्ही सगळ्या तेताकडे जमायचो, उशा भरायला. त्या वर्षी एकही गेली नाही. चर्चमध्ये तिच्या बाकावर ती एकटी बसायची. आणि नवीन सुनांना आमच्याच बायका दाखवायच्या, ती बघ, तीच ती. दाखवणाऱ्यांत मी नव्हते. पण "तसं नाही" म्हणणाऱ्यांतही नव्हते.

ईस्टरच्या आधी कबुलीजबाबाला गेले. जाळीपलीकडे पाद्रीबुवा. म्हटलं, "मी फोनवर दुसऱ्यांचं बोलणं ऐकते." ते म्हणाले, "आणि?" मी म्हणाले, "एवढंच." बाहेर आले तर पुढचा नंबर तेताचा. ती माझ्याकडे बघून जराशी सरकली, मला जायला वाट दिली. बस, तेवढंच. पण मला रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात उभी राहिले. टेबलावर पीठ फुगत ठेवलेलं. भिंतीवर फोनच्या जागी चार स्क्रूची भोकं आणि मागे ते लंगडं घड्याळ. तिनं बस म्हटलं नाही.

"काय हवंय?"

"तेता, त्या दिवशी मी लाइनवर होते."

"माहीत आहे. पेपिक गात होता."

 मी न विचारताच खुर्चीत बसले. "मग कोर्टात माझं नाव का नाही घेतलंत?"

"घेऊन काय झालं असतं? मी म्हणणार 'अल्बिना होती', तू म्हणणार 'नव्हते'. पिंजरासुद्धा तू तोवर हलवला होतास, डेप्युटी म्हणाला." तिनं पिठावरचं फडकं काढलं, बघितलं, पुन्हा घातलं. "माझा स्वभाव तुला माहीत आहे अल्बिना. मला सगळ्यांचा संशय येतो. पाद्र्याचा येतो, दूधवाल्याचा येतो. पोटच्या पोराचासुद्धा येतो. पण त्या दिवशी डेप्युटी दारात आला ना, तेव्हा मी घाबरलेच नाही. मला वाटलं, बरं झालं, अल्बिना होती लाइनवर. तिनं ऐकलंय मी ठेवलेला. ती सांगेल."

मी भिंतीवरच्या भोकांकडे बघत राहिले.

"जज्जनं विचारलं तेव्हासुद्धा वाटलं," ती म्हणाली. "तू हातमोज्याशी काहीतरी करत होतीस. मला वाटलं, काढतेय. उठायला."

मी रडायला लागले. तिनं मला गप्प केलं नाही आणि रड असंही म्हटलं नाही. ती पीठ मळायला लागली. मग म्हणाली, "आता मला कशाला सांगतेस? मला माहीतच आहे."

मी घरी गेले नाही. शेताच्या चिखलातून सरळ हावरानांकडे गेले. दार एमिलनं उघडलं, डाव्या हातानं. शर्टाची उजवी बाही खांद्यापाशी टाचणीनं टाचलेली होती.

"एमिल," मी म्हणाले, "त्या दिवशी हर्मिनानं फोन ठेवला होता. लाइनवर मी होते. मी ठेवला नाही."

तो ओरडला नाही. म्हणाला, "एका रिसिव्हरनं घंटा मरत नाही. इस्पितळातून आल्याआल्या मी शेरीफला सांगितलं. तो म्हणाला, अंदाजावर निकाल फिरत नाही, साक्षीला माणूस आण."

मग त्यानं मागे वळून आत हाक मारली, "लिबी, कोट घाल. शेरीफकडे जायचंय. पहिली आली."